शेजारच्या वसाहतीतील बंडखोरांना एखादे राष्ट्र मदत का करते?

माळव्याचा_वाचक (इंदूर)

नमस्कार मंडळी. अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाविषयी वाचताना एका प्रश्नापाशी मी अडलो आहे, तो येथे मांडतो. ट्युनिशिया २० मार्च १९५६ रोजी फ्रान्सच्या अंमलातून मोकळा झाला. हाताशी नावापुरते सैन्य, तिजोरीला फ्रेंच मदतीचा टेकू आणि बिझर्तचे मोक्याचे बंदर अजून फ्रेंच आरमाराच्याच ताब्यात, अशी तेव्हा त्याची अवस्था होती. तरीही शेजारच्या अल्जीरियात फ्रान्सशी लढणाऱ्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीला त्याने तळ दिले आणि शस्त्रांना वाट करून दिली. त्याची किंमत ८ फेब्रुवारी १९५८ रोजी वसूल झाली. साकिएत सिदी युसेफ या सीमेवरील गावावर २५ फ्रेंच विमानांनी हल्ला केला. दिवस बाजाराचा होता, निर्वासितांसाठी मदत घेऊन आलेल्या रेड क्रॉसच्या गाड्या गावात उभ्या होत्या आणि शाळाही माऱ्यात सापडली. सुमारे ७० माणसे मेली.

असे काही घडू शकते, हे ट्युनिशियाचे नेते हबीब बुर्गिबा यांच्यासारख्या मुरब्बी पुढाऱ्याला कळत नव्हते असे मानणे कठीण आहे. मग हा विस्तव पदरात का घेतला? माझे मत असे की, मदत करणारे राष्ट्र शेजारचे बंड यशस्वी व्हावे म्हणून जेवढे झटते, त्याहून अधिक ते बंड आपल्या हाताबाहेर जाऊ नये म्हणून झटते. विरुद्ध मते अवश्य मांडावीत. मात्र ‘राजकारण असेच असते’ एवढ्यावर कृपया थांबू नये.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

एवढा दूरचा विचार कशाला? भाषा एक, धर्म एक आणि छळणाराही एकच. अल्जीरियातील सुधारक अब्दुल हमीद बिन बादिस हे ट्युनिसच्या झैतुना विद्यापीठात शिकले होते. सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरीकसंबंध होते. आपला माणूस मार खात असताना दार लावून घेणारा पुढारी स्वतःच्या गावात तोंड कसे दाखवील? प्रत्येक गोष्टीत डाव शोधण्याची सवय आपण थोडी आवरती घेतली पाहिजे.

ग्रंथपाल_निवृत्त (इंदूर)

लष्करवाला, आपुलकी होती हे मान्य, परंतु ती कोठवर टिकली तेही पाहावे. मोरोक्कोनेही अल्जीरियाच्या लढवय्यांना उज्दा परिसरात मोठा तळ दिला होता. सहारातील सीमेचा प्रश्न आपल्याशी परस्पर मिटवावा, असे फ्रान्सने सुचवले असता सुलतान पाचवा मोहम्मद यांनी नकार दिला, कारण लढणाऱ्या भावांच्या पाठीमागे त्यांच्या जमिनीचा सौदा करणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. पुढे जुलै १९६१ मध्ये त्यांचे पुत्र दुसरा हसन यांनी अल्जीरियाच्या हंगामी सरकारचे प्रमुख फरहात अब्बास यांच्याकडून, स्वातंत्र्यानंतर या सीमेविषयी बोलणी होतील, असा लेखी करार करून घेतला. जुलै १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला, नव्या सरकारने तो करार बाजूला ठेवला आणि ऑक्टोबर १९६३ मध्ये हेच दोन भाऊ वाळवंटात एकमेकांवर तोफा डागत होते.

ट्युनिशियाचेही तसेच. साकिएतचा मारा झाला त्याच वर्षी बुर्गिबांनी अल्जीरियातील एजेले येथील तेल ला स्किराच्या बंदरापर्यंत नेणारी वाहिनी आपल्या भूमीतून टाकण्यास फ्रेंच कंपनीला संमती दिली. मुक्ती आघाडीचा संताप झाला, कारण ज्या तेलासाठी फ्रान्स सहारा सोडायला तयार नव्हता, त्याच तेलाला तिच्या यजमानाने रस्ता दिला होता. एका हाताने आश्रय आणि दुसऱ्या हाताने वाहतुकीचे भाडे, असा तो व्यवहार होता. यासाठी मी बुर्गिबांना नावे ठेवत नाही. गरीब देशाला दोन्ही हात वापरावे लागतात.

सराफ्याचा_खवय्या (इंदूर)

मुक्ती आघाडीचे ट्युनिशियातील सैन्य पुढेपुढे ट्युनिशियाच्या स्वतःच्या सैन्यापेक्षा मोठे झाले होते, असे वाचले आहे. म्हणजे पोटभाडेकरूने घरमालकापेक्षा मोठे कुलूप आणून लावल्यासारखे झाले. अशा वेळी घरमालक ‘राहा हो, घर तुमचेच आहे’ असेच म्हणणार.

माळव्याचा_वाचक (इंदूर)

खवय्येसाहेब, विनोद बाजूला ठेवला तरी माझा मुद्दा नेमका हाच आहे. सीमा बंद करायलाही सैन्य लागते, आणि ते ज्याच्यापाशी नाही त्याने अटी घालून आश्रय देणे हाच त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग ठरतो. शिवाय या अडचणीचेही बुर्गिबांनी भांडवल केले. नोव्हेंबर १९५७ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांनी फ्रान्सची नाराजी पत्करून ट्युनिशियाला थोडी शस्त्रे दिली, ती ट्युनिशियाने अन्य कोणाच्या गोटात जाऊ नये म्हणूनच. साकिएतनंतर या दोन देशांनी मध्यस्थीसाठी माणसे धाडली, त्या मध्यस्थीवरून पॅरिसमधील गायार यांचे सरकार एप्रिलमध्ये कोसळले, मे महिन्यात अल्जीयर्समध्ये फ्रेंच सेनाधिकारी उलटले, आणि द गॉल परत येऊन फ्रान्सचे चौथे प्रजासत्ताकच संपुष्टात आले.

सयाजीबाग_फेरी (वडोदरा)

चर्चा उत्तर आफ्रिकेत रंगली आहे, परंतु असे उदाहरण आपल्या अंगणातही आहे. आम्हा गुजरातेतील मराठी माणसांना दमण आणि दादरा ही लांबची नावे नाहीत. जुलै १९५४ मध्ये दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा स्वयंसेवकांनी सोडवले, त्यांत आझाद गोमंतक दल होते आणि संघाचे स्वयंसेवकही होते. भारत सरकारने आपले सैन्य आत पाठवले नाही. मात्र दमणहून या भागांकडे जाण्यासाठी पोर्तुगीज फौजेला भारतीय भूमी ओलांडावी लागत होती, आणि ती वाट सरकारने दिली नाही. पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. एप्रिल १९६० मधील निकालाचे सार असे की, खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सशस्त्र फौजेला तो नव्हता, आणि भारताने आपले कोणतेही कर्तव्य मोडलेले नाही.

मदत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बंदुकांच्या पेट्या येतात. येथे सरकारने रस्ता अडवला, आणि तेवढ्याने सिल्वासातील पोर्तुगीज सत्तेचा श्वास कोंडला.

नर्मदाकाठ (इंदूर)

सयाजीबागताईंनी विषय काढला म्हणून आमच्या भागाचेही सांगतो. १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवा सत्याग्रहात उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ पोर्तुगीज गोळीने हुतात्मा झाले, आणि सागरच्या सहोदराबाई राय यांना गोळ्या लागल्या. त्या पुढे लोकसभेवर निवडून आल्या. माझ्या आत्याचे सासरे तेव्हा उज्जैन स्थानकावर जथ्याला निरोप द्यायला गेले होते. फलाटावर घोषणा चालल्या होत्या, कोणाची आई खिडकीतून दशम्यांचे पुडके आत सरकवत होती, आणि निघालेल्या कोणाजवळ साधी काठीसुद्धा नव्हती, असे ते सांगत.

हे सांगण्याचे कारण वेगळेच आहे. त्या दिवशी वीसहून अधिक निःशस्त्र माणसे मारली गेल्यावर नेहरूंनी सीमेवरून सत्याग्रही आत जाणे बंद करवले. गोव्याची आर्थिक कोंडी मात्र चालू ठेवली. संसदेत आणि बाहेर त्यांच्यावर कडाडून टीका झाली. माळव्याचा_वाचक म्हणतात तो लगाम येथे दिसतो. लोकांनी केव्हा जायचे आणि केव्हा थांबायचे, हे दिल्ली ठरवू पाहत होती.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

नर्मदाकाठ, आपलेच उदाहरण माझ्या बाजूचे आहे. उज्जैन आणि सागर येथील माणसांचा गोव्याच्या बंदराशी काय व्यवहार होता? ती माणसे कोणत्या हिशोबाने गेली?

ग्रंथपाल_निवृत्त (इंदूर)

माणसे हिशोबाने जात नाहीत हे बरोबर, परंतु धाग्याचा प्रश्न राष्ट्रांविषयी आहे. स्वयंसेवक प्राण देतो आणि सरकार त्याला परवानगी देते किंवा नाकारते, आणि ती परवानगी कधी मिळते व कधी काढून घेतली जाते, याची कारणे स्वयंसेवकाच्या मनात सापडत नाहीत.

रतलाम_मंडल_निवृत्त (इंदूर)

माझे आयुष्य रेल्वेत गेले, त्यामुळे मी रुळांवरूनच बोलणार. तत्त्व आणि गरज यांची ओढाताण पाहायची असेल तर झांबिया पाहावा. त्याच्या निर्यातीचा कणा तांबे, आणि देशाला समुद्र नाही. तांबे बाहेर काढायच्या वाटा दोन: एक ऱ्होडेशियातून (आजच्या झिंबाब्वेतून) दक्षिणेकडे आणि दुसरी काँगो व अंगोलामार्गे बेंगुएला रेल्वेने लोबितो बंदराला. ऱ्होडेशियावर गोऱ्या अल्पसंख्याकांचे राज्य आणि अंगोला पोर्तुगालकडे. झांबियाचे अध्यक्ष केनेथ काउंडा तर दोन्हींविरुद्ध लढणाऱ्यांना लुसाकात जागा देत होते.

मग काय घडले? पोर्तुगालशी लढणाऱ्या सविंबी यांच्या ‘युनिटा’ संघटनेने डिसेंबर १९६६ मध्ये अंगोलातील सीमेजवळच्या तैशेरा द सोझा या रेल्वेच्या गावावर हल्ला केला आणि त्यानंतर बेंगुएला मार्गावर गाड्या पाडल्या. तांब्याची वाहतूक थांबली. काउंडांनी १९६७ मध्ये सविंबींना देशाबाहेर घालवले. पाठिंबा होता, पण आमच्या डब्यांना हात लावायचा नाही, ही त्यातली न लिहिलेली अट होती.

त्यानंतर चीनच्या बिनव्याजी कर्जातून दार-एस-सलाम ते कापिरी म्पोशी ही १,८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे १९७० ते १९७५ या काळात बांधली गेली. तिचे माप मला फार बोलके वाटते. टांझानियाची जुनी रेल्वे मीटरगेज आहे, म्हणजे आपल्या जुन्या महू-पातालपाणी लाइनची बहीणच. ताझारा मात्र १,०६७ मिलिमीटरच्या मापावर बांधली, जे झांबियाचे आणि दक्षिणेकडील सगळ्या रेल्वेचे माप आहे. गोऱ्या राजवटींवरचे अवलंबन संपवण्यासाठी बांधलेला रूळ त्यांच्याच रुळाशी जुळणारा ठेवावा लागला, कारण झांबियाचे डबे त्याच मापाचे होते. जानेवारी १९७३ मध्ये ऱ्होडेशियाने सीमा बंद केली. ती पुन्हा उघडली तेव्हा काउंडांनी आपल्या बाजूने ती बंदच ठेवली. परंतु दार-एस-सलाम बंदरात माल तुंबत गेला आणि अखेर ऑक्टोबर १९७८ मध्ये दक्षिणेचा मार्ग पुन्हा धरावा लागला.

सराफ्याचा_खवय्या (इंदूर)

काका, आपण अंगोलाचे युद्ध टाइमटेबलसह समजावलेत. आता यात गाडी किती उशिरा आली तेही सांगून टाका.

रतलाम_मंडल_निवृत्त (इंदूर)

तांबे पाच वर्षे उशिरा आले.

सयाजीबाग_फेरी (वडोदरा)

काकांच्या उदाहरणाला मलावीची जोड द्यावीशी वाटते. तोही १९६४ मध्येच स्वतंत्र झाला, त्यालाही समुद्र नाही आणि मोझांबिकने तो तीन बाजूंनी वेढलेला आहे. बंधुभाव हेच मुख्य कारण असते तर मलावीचे सत्ताधीश हेस्टिंग्स बांदा यांनी मोझांबिकमध्ये पोर्तुगालशी लढणाऱ्या फ्रेलिमो संघटनेला डोक्यावर घेतले असते. त्यांनी पोर्तुगालशी जमवून घेतले, १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी राजनैतिक संबंध जोडले आणि मोझांबिकमधील नकाला बंदराकडे जाणारा रेल्वेचा दुवा दक्षिण आफ्रिकेच्या कर्जातून करून घेतला. झांबियाने हालअपेष्टा सोसल्या, मलावीने सोसल्या नाहीत. भूगोल जवळपास सारखा असताना निर्णय उलटे झाले, तेव्हा केवळ भूगोलावर किंवा केवळ गरजेवर सगळे ढकलता येणार नाही. बांदांना देशात अडवणारे कोणी उरलेले नव्हते, हाही भाग लक्षात घ्यावा.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

आणि टांझानिया? तेथे तांबे नाही आणि अडलेले बंदरही नाही. उलट दार-एस-सलाम हे इतरांना उपयोगी पडणारे बंदर. तरी जून १९६२ मध्ये फ्रेलिमो तेथे स्थापन झाली, आफ्रिकी ऐक्य संघटनेची मुक्ती समिती तेथे बसली, आणि ऱ्होडेशियाच्या प्रश्नावरून टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांनी डिसेंबर १९६५ मध्ये ब्रिटनशी संबंध तोडले तेव्हा ७५ लाख पौंडांचे ब्रिटिश कर्ज अडकून पडले. पदरचे घालवून केलेल्या या मदतीला आपण कोणता डाव म्हणणार?

ग्रंथपाल_निवृत्त (इंदूर)

न्येरेरेंच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही, या सगळ्या नेत्यांत मला त्यांचाच आदर अधिक वाटतो. तरीही पाहुण्यांत पंच होण्याचा हक्क त्यांनी सोडला नव्हता. फेब्रुवारी १९६९ मध्ये फ्रेलिमोचे प्रमुख एदुआर्दो मोंडलेन दार-एस-सलाममध्येच पुस्तकात दडवलेल्या बाँबने मारले गेले, पुढे फ्रेलिमोत फूट पडली, आणि तिचे एक नेते उरिया सिमांगो यांना टांझानियातून बाहेर काढण्यात आले. समोरा माशेल उरले. शस्त्रे यजमानाच्या बंदरात उतरत असताना नेता कोण राहील यात यजमानाचे मत मोजले जातेच.

गिनीचा अध्यक्ष सेकू तूरे हा तर याहून कडवा नमुना आहे. १९५८ मध्ये फ्रान्सला ‘नाही’ म्हणणारी ती एकटी वसाहत, आणि फ्रान्सने जाताना सूड म्हणून सरकारी कामकाजाची साधने उचलून नेली. तूरेंनी शेजारच्या पोर्तुगीज गिनीतील स्वातंत्र्यलढ्याचे नेते अमिल्कार काब्राल यांना आपल्या राजधानीत, कोनाक्रीत, मुख्यालय दिले. २२ नोव्हेंबर १९७० रोजी पोर्तुगीज सैनिक आणि तूरेंचे परागंदा विरोधक समुद्रातून कोनाक्रीवर चालून आले, आपले कैदी सोडवून गेले, पण काब्राल त्यांना सापडले नाहीत. हल्ला खरा होता. त्याचे निमित्त करून तूरेंनी स्वतःच्या मंत्र्यांपासून कारकुनांपर्यंत कितीतरी लोकांना तुरुंगात घातले आणि काहींना फासावर चढवले. शेजारचे युद्ध घरातील विरोध मोडायला असे कामी येते.

नर्मदाकाठ (इंदूर)

१९७१ चे काय? मुक्तिवाहिनी, एक कोटी निर्वासित, हे तर आपणच केलेले आहे.

माळव्याचा_वाचक (इंदूर)

पूर्व पाकिस्तानला वसाहत म्हणावे की नाही यावर वेगळा धागा होईल, तो येथे नको. एकच गोष्ट नोंदवतो. मुक्तिवाहिनी उभी असतानाच भारताच्या दुसऱ्या यंत्रणेने मुजीबवाहिनी निराळी तयार केली, आणि बांगलादेशाला मान्यता दिली ती ६ डिसेंबर १९७१ रोजी, म्हणजे मुजीबनगरच्या हंगामी सरकारने शपथ घेतल्यावर जवळजवळ आठ महिन्यांनी. लगाम हातात ठेवण्याचे दोन्ही प्रकार येथे एकत्र दिसतात.

सराफ्याचा_खवय्या (इंदूर)

मग मान्यता न देताच मदत करण्याची खोड जुनी दिसते.

ग्रंथपाल_निवृत्त (इंदूर)

फारच जुनी आहे. स्पेन १७७९ मध्ये इंग्लंडविरुद्ध उतरला आणि त्याच्या लुइझियाना प्रांताचे गव्हर्नर बर्नार्दो द गाल्वेस यांनी शेजारच्या इंग्रजी प्रदेशातील मोबिल व पेन्साकोला ही ठाणी जिंकली. अमेरिकन बंडखोरांना त्याचा मोठा फायदा झाला. स्पेनने मात्र युद्ध चालू असेपर्यंत त्यांचे स्वातंत्र्य मान्य केले नाही, कारण मेक्सिको आणि पेरूच्या लोकांनी तोच धडा गिरवला तर काय, ही धास्ती होती. त्याला जिब्राल्टर आणि फ्लोरिडा हवे होते. फ्लोरिडा मिळाला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण साकिएतपासून आपण बरेच दूर आलो आहोत. बुर्गिबांच्या निर्णयाचे कारण मला सीमेपेक्षा ट्युनिसमध्ये अधिक दिसते. त्यांच्याच पक्षातील सालेह बिन युसेफ यांनी १९५५ मध्ये उघड बंड केले होते. फ्रान्सशी झालेला तडजोडीचा करार ही फसवणूक आहे आणि संपूर्ण उत्तर आफ्रिकेने एकत्र लढले पाहिजे, असे ते म्हणत होते, आणि कैरोत इजिप्तचे नासर यांचा त्यांना आधार होता. अशा स्थितीत बुर्गिबांनी अल्जीरियाला दार लावले असते तर बिन युसेफ यांचा आरोप त्यांनी स्वतःच सिद्ध करून दाखवला असता. मुक्ती आघाडीला आश्रय देऊन त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या हातातील घोषणा काढून घेतली. बिन युसेफ ऑगस्ट १९६१ मध्ये फ्रँकफुर्टच्या एका हॉटेलात मारले गेले.

माळव्याचा_वाचक (इंदूर)

ग्रंथपालकाका, हा पैलू मोलाचा आहे. त्यात एक भर घालतो. फ्रान्सने १९५७ मध्ये ट्युनिशियाच्या सीमेलगत विजेच्या तारांचे आणि सुरुंगांचे मोरीस कुंपण उभे केले. त्यानंतर ट्युनिशियातून आत शिरणे म्हणजे बहुतांशी मरण होते. आतले लढवय्ये शस्त्रांवाचून झिजत गेले आणि बाहेरची फौज ट्युनिशिया व मोरोक्कोत सुसज्ज होत राहिली. स्वातंत्र्य मिळताच हुआरी बुमेदियेन यांची ही सीमेवरील फौज अल्जीयर्सकडे निघाली, आतल्या थकलेल्या गनिमांना तिने बाजूला सारले आणि बिन बेल्ला यांना सत्तेवर बसवले. तीन वर्षांनी, जून १९६५ मध्ये, त्यांनाही काढून बुमेदियेन स्वतः बसले. शेजाऱ्यांच्या आश्रयाने युद्ध किती जिंकले गेले यावर वाद होईल. युद्धानंतर राज्य कोणी करायचे हे मात्र त्या आश्रयाने बरेचसे ठरवून टाकले, आणि तेही यजमानांना हवे तसे झाले नाही.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

आपण सर्वांनी पुढाऱ्यांची कारणे उत्तम सांगितलीत. तरी दोन्ही देशांत मिळून सुमारे दोन लाख अल्जीरियन निर्वासित राहिले, त्यांना पहिली भाकर सीमेवरच्या शेतकऱ्याने दिली, बुर्गिबांनी नंतर. त्या शेतकऱ्याच्या विरोधात जाणे कोणत्याही सरकारला परवडले नसते, एवढे तरी आपण माझ्या खात्यावर जमा करावे.

सयाजीबाग_फेरी (वडोदरा)

जमा केले. आणि या बळाची दिशा उलटीही असते, म्हणजे बंडखोरच राष्ट्राला ओढतात. एप्रिल १९६१ मध्ये पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रीय संघटनांची परिषद कासाब्लांका येथे भरली, तेथे अंगोला, मोझांबिक, गिनी यांच्याबरोबर गोव्याचे लोकही होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतवादावर परिसंवाद झाला, आणि आपण स्वतः गोव्याविषयी स्वस्थ का बसला आहात, असा प्रश्न आफ्रिकी नेत्यांनी यजमानांना विचारला. आफ्रिकेच्या स्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्या नेहरूंना त्याचे उत्तर देणे अवघड होते. १८ डिसेंबरला सैन्य गोव्यात शिरले आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज गव्हर्नरने शरणागती पत्करली.

रतलाम_मंडल_निवृत्त (इंदूर)

ताई, त्या कोंडीचाही हिशोब पाहावा. मुरगाव ते कॅसलरॉक ही लाइन दोन्ही बाजूंना मीटरगेजच होती, कोठे डबे बदलायचे नव्हते, तरी १९५५ मध्ये भारताने गाड्या बंद केल्या. गोव्याने आपले लोहखनिज मुरगावहून जहाजांनी जपानला पाठवले आणि नेमक्या त्याच वर्षांत तेथील खाणमालक गब्बर झाले. सहा वर्षे कोंडी करून जे साधले नाही, ते शेवटी फौजेनेच करावे लागले.